एका फुंकरीत किती पणत्या? कादंबरीतल्या जादूची ताकद वाटून देताना

कोल्हापुरात रंकाळ्याच्या कट्ट्यावर भेळ खात बसले होते, तेव्हा भाच्यानं त्याच्या कादंबरीचं पाचवं प्रकरण हातात दिलं. “मावशी, वाच की जरा. लई भारी झालंय.” प्रकरणात चारशे वस्तीचं कोळ्यांचं एक गाव होतं आणि त्या गावात ‘लाखात एक’ म्हणावेत असे नऊ जादूगार होते.

“लाखात एक असे चारशेत नऊ कसे रे?”

“ते गाव खास आहे.”

“तसं कुठं लिहिलंयस?”

त्यानं माझ्या हातातली भेळ घेतली आणि गप्प खात बसला.

मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. त्या संध्याकाळनंतर तीन-चार रविवार आम्ही त्याच्या सबंध राज्यातल्या जादूचा हिशेब मांडला. अद्भुतरम्य मालिका लिहायला घेतलेल्या आणखी कुणाच्या उपयोगी पडेल म्हणून तो इथं देते आहे. दहावीला मध्य, मध्यक, बहुलक केलं असेल तर पुढचं सगळं समजेल. विसरला असाल तरी चालेल.

आधी माप ठरवा

बहुतेक नवे लेखक ‘सातव्या पातळीचा मांत्रिक’ असं लिहून मोकळे होतात. सातवा सहाव्यापेक्षा किती भारी? दीडपट, दुप्पट, की नुसता एक नंबर पुढं? पातळीतून फक्त क्रम कळतो. तेवढ्यावर बेरीज होत नाही, सरासरी निघत नाही, आणि ‘तीन पाचव्या पातळीचे मिळून एका सातव्याला भारी पडतील का’ हे लेखकालाही सांगता येत नाही. नेमका हाच प्रश्न तिसऱ्या भागातल्या लढाईत उभा राहतो.

म्हणून जादूनं होणारं एखादं काम मोजा. त्रिपुरी पौर्णिमेला पहाटे पंचगंगेच्या घाटावर पणत्या लागतात, ते भाच्यानं लहानपणापासून पाहिलंय. त्यानं तेच माप घेतलं: एका फुंकरीत किती पणत्या पेटतात. शून्य म्हणजे खरंच शून्य, आणि दोनशे म्हणजे शंभराच्या दुप्पट. तुमच्या जगात पाणी उचलायचं असेल तर घागरी मोजा, दगड हलवायचे असतील तर मण मोजा. शून्य आणि दुप्पट या दोन गोष्टींना अर्थ असला म्हणजे झालं.

मग डोकी मोजा

राज्याची लोकसंख्या किती, त्यात जादू येणारे किती? आम्ही १० लाखांचं राज्य धरलं आणि शंभरात एकाला जादू येते असं ठरवलं. म्हणजे १०,००० जादूगार. कोळ्यांच्या चारशेच्या गावात साधारण चार, आणि चारही बहुधा बेताचेच. नऊ ‘लाखात एक’ तिथंच बाद झाले.

आता खरा प्रश्न: ताकद बनते कशी?

इथं घाई करू नका. आलेखाचा आकार आवडीनं निवडायचा नसतो. तुमच्या जगात ताकद कशामुळं वाढते याचं उत्तर दिलं की आकार आपोआप ठरतो. मी तीनच आकार सांगणार आहे, पहिल्या मालिकेला तेवढे पुरतात.

पहिला, बेरजेचा. तालमीतल्या पोराचं बळ कशातून येतं? थोडं आईबापाकडून, थोडं जोर-बैठकांतून, थोडं खुराकातून, झोपेतून, वस्तादाच्या नजरेतून. पुष्कळ लहान कारणं, एकमेकांवर फारशी अवलंबून नसलेली, आणि प्रत्येक थोडी भर घालणारं किंवा थोडं कमी करणारं. अशा बेरजेतून घंटेसारखा वक्र तयार होतो. पुस्तकात त्याला प्रसामान्य वितरण म्हणतात, वर्गात पोरं नॉर्मलच म्हणतात.

भाच्याला हे पटेना, म्हणून स्वयंपाकघराच्या फरशीवर दहा नाणी घेऊन बसलो. दहाही एकदम टाकायची, छापे मोजायचे, वहीत रेघ मारायची. पन्नासाव्या फेकीपर्यंत पाचच्या रकान्यात रेघांची गर्दी झाली होती, चार आणि सहा त्याच्या मागोमाग होते, एक आणि नऊचे रकाने कोरे होते. शंभर फेकी झाल्या तरी दहाही छापे एकदा पडले नाहीत. पडणार कसे? दहा नाण्यांचे एकूण १,०२४ प्रकार होतात, त्यांतला एकच सगळ्या छाप्यांचा, आणि पाच छाप्यांचे २५२. नाणी वाढवत न्या, पायऱ्या बारीक होत होत गुळगुळीत वक्र दिसू लागतो. अब्राहम द म्वाव्र या गणितज्ञानं १७३३ मध्ये नाणेफेकीच्या हिशेबातूनच या वक्रापर्यंत मजल मारली होती, नाव मात्र पुढं गाऊस या दुसऱ्या गणितज्ञाचं लागलं.

या वक्राला दोन आकडे पुरतात. सरासरी, आणि माणसं सरासरीच्या आजूबाजूला किती पसरली आहेत ते सांगणारं प्रमाण विचलन. सरासरी १०० पणत्या आणि विचलन १५ धरलं तर आमच्या १०,००० जादूगारांपैकी सुमारे ६,८०० जण ८५ ते ११५ च्या मध्ये येतात. ११५ च्या वर साधारण १,५८७. १३० च्या वर २२८. १४५ च्या वर तेरा-चौदा. १६० च्या वर बहुतेक वेळा कुणीच नाही. राज्यातला सगळ्यात बलवान जादूगार १५८ च्या आसपास सापडेल.

भाच्याचा चेहरा पडला. “एवढंच? माझा नायक हजार पणत्या लावतो.”

घंटेच्या वक्राचा स्वभावच असा आहे. राज्य शंभरपट मोठं करा, जादूगार १०,००० चे १० लाख करा, तरी अव्वल माणूस १५८ वरून १७३ पर्यंतच सरकतो. एकटा दहाजणांना पुरून उरेल असा माणूस यात जन्मत नाही. जिथं बळ असूनही माणसांना एकमेकांची गरज लागते, जिथं पहारे, रांगा, शिस्त आणि फितुरी यांवर लढाया ठरतात, अशा गोष्टीला हा आकार उत्तम. मला स्वतःला अशाच गोष्टी आवडतात. पण कादंबरी त्याची होती.

गुणाकाराची जादू

म्हणून दुसरा आकार. समजा जादूत आधी मिळालेली ताकद पुढच्या वाढीला हातभार लावते. जरा बऱ्या पोराला बरा गुरू मिळतो, बऱ्या गुरूमुळं अवघड मंत्र लवकर हाती येतो, त्यातून जी वाढ होते ती आहे त्या ताकदीच्या टक्क्यांत होते. चक्रवाढ व्याजासारखं. इथं कारणांची बेरीज न होता गुणाकार होतो, आणि वक्र उजवीकडं लांबलचक शेपटी काढतो. याला लॉगनॉर्मल म्हणतात. नाव अवघड आहे, वापरायला सोपा आहे: मधल्या माणसाची ताकद १०० पणत्या धरा, आणि प्रत्येक विचलनाला १५ मिळवण्याऐवजी दुप्पट करा.

आता तेच १,५८७ जण २०० च्या वर जातात, तेच २२८ जण ४०० च्या वर, तेच तेरा-चौदा ८०० च्या वर. अव्वल माणूस चौदाशेच्या घरात. भाच्याचा नायक बसला.

यात एक गंमत आहे, ती गोष्टीत वापरून घ्या. मधला माणूस १०० वर आहे, पण वरच्या थोड्या बलवानांमुळं सरासरी १२७ होते. म्हणजे शंभरातले त्रेसष्ट-चौसष्ट जादूगार ‘सरासरीपेक्षा कमी’ ठरतात. ‘आमच्यात काहीतरी उणं आहे’ असं सगळ्यांना वाटायला लावणारा राजगुरू तुम्हाला हवा असेल, तर त्याला एक शब्दही खोटा बोलावा लागणार नाही. आणि उलट बाजूनं पाहिलं तर चौदाशेचा नायक म्हणजे अकरा-बारा सरासरी जादूगार. एका वाड्यातल्या पोरांनी एकी केली तर तो हरू शकतो. हा धाक नायकाच्या मानेवर राहू द्या.

बळी तो कान पिळी

तिसरा आकार परेटोचा. इटलीचा अर्थशास्त्रज्ञ विल्फ्रेडो परेटो यानं तो लोकांच्या उत्पन्नाच्या वाटणीत पाहिला. जिथं ताकद दुसऱ्याकडून ओढून घेता येते, विकत घेता येते, किंवा ज्याच्याकडं आहे त्याच्याकडंच आणखी जाते, तिथं हा वापरा.

सगळ्यात साधं रूप असं घ्या: पहिल्या क्रमांकाचा जादूगार एक लाख पणत्या लावतो, दुसरा त्याच्या निम्म्या, तिसरा एक-तृतीयांश, शंभरावा शंभराव्या हिश्श्याच्या. शेवटचा, दहा हजारावा, फक्त दहा. सरासरी ९८ येते, म्हणजे जवळजवळ आधीसारखीच, पण मधोमध बसलेला माणूस जेमतेम वीस पणत्या लावतो. सरासरीवर विसंबू नका असं मी वर्गात दरवर्षी सांगते, त्यापेक्षा हे एक उदाहरण पोरांच्या जास्त लक्षात राहतं.

आता हिशेब पाहा. खालच्या अर्ध्या, म्हणजे पाच हजार जादूगारांनी एकदम फुंकर मारली तर साधारण ६९ हजार पणत्या लागतात. तो एकटा एक लाख लावतो. दुसरा आणि तिसरा एकत्र आले तरी ८३ हजार. चौथा सामील झाला तर मात्र एक लाख आठ हजार. म्हणजे त्या राज्यात बंड होणार की नाही हे चौथ्या क्रमांकाच्या माणसाच्या मनावर आहे. त्याला काय हवंय? त्याची पोरगी कुणाकडं ओलीस आहे? भाच्यानं इथं वही ओढून घेतली आणि पुढचा अर्धा तास माझ्याशी बोलला नाही.

तिन्ही आकार एकाच जगातही नांदू शकतात. सामान्य जादू बेरजेची आणि सैतानाशी सौदा केलेल्यांची ओढून घेतलेली, असं चालेल. फक्त दोन गट केले म्हणून आलेखावर आपोआप दोन उंचवटे येतील असं समजू नका. सारख्याच संख्येचे, सारखेच पसरलेले दोन घंटावक्र असतील तर त्यांच्या सरासऱ्यांत दोन विचलनांपेक्षा जास्त अंतर असल्याशिवाय दोन वेगळे उंचवटे दिसत नाहीत. त्याहून कमी अंतर असेल तर वाचकाला एकच गर्दी दिसणार, आणि तुम्ही ‘पर्वतातले लोक जन्मतःच बलवान’ असं कितीही लिहिलंत तरी मैदानातले हजारो त्यांच्यातल्या हजारोंपेक्षा वरचढ निघणार.

गुरुकुलात घंटा शोधू नका

माझ्या पाहण्यात सगळ्यात जास्त होणारी चूक ही. लेखक राज्यासाठी सुंदर घंटावक्र ठरवतो आणि मग तोच वक्र निवडक जादूगारांच्या गुरुकुलाला लावतो: थोडे कच्चे, पुष्कळ मधले, थोडे पक्के.

कोल्हापूरच्या खासबाग कुस्ती मैदानात बसून विचार करा. शाहू महाराजांच्या काळातलं, १९१२ चं हे मैदान. तिथल्या लाल मातीत जो उतरतो तो आधी गावच्या तालमीतून, मग जत्रेतल्या कुस्त्यांतून गाळून आलेला असतो. गर्दीतल्या माझ्यासारख्या हजारो माणसांचा वक्र मैदानात उतरतच नाही. उतरते ती फक्त उजवीकडची शेपटी.

आकड्यांत: आमच्या बेरजेच्या राज्यात १३० पणत्यांच्या वरच्यांनाच गुरुकुलात घेतात असं धरा. मिळतात २२८. त्यातले २१४ च्या आसपास १३० ते १४५ मध्येच असतात, उरलेले तेरा-चौदा वर. सगळ्यांची सरासरी साधारण १३५-१३६. सगळ्यात जास्त गर्दी दाराशी, आणि आत जावं तसं ओस पडत जाणारं, असा हा आकार. त्यामुळं गुरुकुलातलं वातावरणही वेगळं होतं. बहुतेक पोरं एकमेकांच्या तोडीस तोड, एकेका पणतीसाठी रडारड, जेमतेम आत आल्याची प्रत्येकाला धास्ती. आणि दहा-बारा जण असे, की त्यांच्याशी जोड कुणाची लावायची हा वस्तादापुढं प्रश्न. घरून निघताना जे पोरगं गावातलं सगळ्यात बलवान होतं, त्याला पहिल्या आठवड्यात आपण रांगेच्या शेवटी आहोत हे कळतं. हा प्रसंग लिहायला विसरू नका, तो तुम्हाला गणितानं फुकट दिलाय.

वारस

थोर जादूगाराच्या पोटी त्याहून थोर वारस, पिढ्यान् पिढ्या. हे लिहायचं तर कारण द्या, कारण आपोआप तसं होत नाही. फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज शास्त्रज्ञानं आईबाप आणि त्यांची मुलं यांच्या उंच्या ताडून १८८६ मध्ये दाखवलं की उंच आईबापांची मुलं सरासरीपेक्षा उंच असतात, पण आईबाप सरासरीपासून जेवढे वर असतात त्याच्या साधारण दोन-तृतीयांशच. तेच प्रमाण जादूला लावलं तर १४५ पणत्यांच्या जोडप्याची मुलं सरासरीनं १३० वर येतील. एखादं १५० चं निघेल, एखादं ११० चं. त्या ११० च्या पोराला राजवाड्यात काय वाटत असेल, यावर एक अख्खा भाग होईल.

ताकद म्हणजे निकाल नव्हे

१४० वाला १३० वाल्याला दर वेळी हरवणार असेल तर वाचक आकडे वाचून पुस्तक मिटेल. मैदानात वजनानं आणि बळानं सरस पैलवान धोबीपछाडवर आकाश बघताना कोल्हापुरात सगळ्यांनी पाहिलाय. म्हणून ताकदीच्या फरकाचं रूपांतर जिंकण्याच्या शक्यतेत करा. बुद्धिबळातलं एलो मानांकन हेच करतं: मानांकनात १०० नी पुढं असलेल्या खेळाडूला डावामागं साधारण ०.६४ गुण अपेक्षित (विजयाचा एक, बरोबरीचा अर्धा), ४०० नी पुढं असेल तर ०.९१. तुम्ही ठरवा, पंधरा पणत्यांचा फरक म्हणजे दहात सात वेळा. एकदा ठरलं की मालिकाभर तोच नियम ठेवा. आणि दुबळा जिंकला तर डाव कोणता टाकला ते दाखवा, नाहीतर वाचक म्हणेल नूरा कुस्ती होती.

‘शंभर वर्षांतून एकदा’

भविष्यवाणी लिहिताना सगळे हे वापरतात आणि सगळे समजतात की १०० वर्षं झाली की बरोबर एक. पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. २०१९ ला पाणी ५५ फुटांवर गेलं तेव्हा ‘असा पूर पुन्हा आपल्या हयातीत नाही’ असं आमच्या गल्लीतली जाणती माणसं म्हणत होती. २०२१ ला पुन्हा ५५ च्या वर. नदी तारखा लावून येत नाही.

कुठल्याही एका वर्षात शंभरात एक शक्यता, असं असेल तर सलग १०० वर्षांत तो तारणहार एकदाही न जन्मण्याची शक्यता ३७ टक्के आहे, आणि दोन किंवा जास्त वेळा जन्मण्याची २६ टक्के. एकाच पिढीत दोन ‘एकमेव’ निघाले आणि दोन्ही गावांनी आपापला खरा म्हणून पालख्या काढल्या, तर ते गणिताला धरूनच आहे.

शेवटी, तक्ता

मोबाइलवर किंवा कॉम्प्युटरवर स्प्रेडशीट उघडा. ‘रँड’ हे फंक्शन शून्य ते एकमधला यादृच्छिक आकडा देतं, आणि तो ‘नॉर्म.एस.इन्व्ह’ मध्ये घातला की घंटावक्रातला एक आकडा मिळतो, सरासरी शून्य आणि विचलन एक असलेला. त्याला झ म्हणू. मग बेरजेच्या जगासाठी १०० अधिक १५ गुणिले झ. गुणाकाराच्या जगासाठी १०० गुणिले, दोनाचा झ-वा घात. परेटोसाठी झ लागतच नाही, १० भागिले रँड एवढंच. सूत्र खाली ओढत न्या, पात्रांची नावं शेजारच्या रकान्यात लिहा.

एक सूचना माझ्या अनुभवातून. हे आकडे शीटमध्ये काहीही टाइप केलं की बदलतात. पहिल्या रविवारी मी हे विसरले, आणि आम्ही चहा घेईपर्यंत सेनापती २१० वरून ४८ वर आला होता. आकडे आले की सगळे कॉपी करून त्याच जागी फक्त व्हॅल्यू म्हणून पेस्ट करा, मग नावं लिहा.

मुख्य पात्रांचे आकडे तुम्ही हातानं ठरवा, त्यात लाजण्यासारखं काही नाही, गोष्ट त्यांच्याभोवतीच फिरणार असते. पण बाकीच्यांचे मशीनकडून घ्या आणि सहसा बदलू नका. हे आकडे पुस्तकात छापू मात्र नका. वाचकाला पणत्या दिसू द्यात, तक्ता तुमच्या खणात राहू दे.

कोळ्यांच्या गावाला आम्ही गुणाकाराच्या सूत्रानं चार आकडे काढले. ७१, ८८, १३४ आणि ३१०. हा ३१० गावाच्या यादीत चौथ्या ओळीवर आला, आणि त्या ओळीवर भाच्यानं नाव देण्याचीही तसदी घेतली नव्हती, नुसतं ‘नावाडीण, म्हातारी’ असं लिहिलं होतं. “हिला बदलू?” त्यानं विचारलं. मी नको म्हटलं. सहावं प्रकरण आता तिच्या होडीत सुरू होतं, आणि तिचं नाव काय ठेवायचं यावर गेले दोन आठवडे घरात वाद चालू आहे.